ओलं लाकूड आणि फसलेली व्याप्ती

या मालिकेतल्या मागच्या दोन व्याख्यानांत आपण यंत्र आणि माणूस यांच्याबद्दल बरंच उंचावरून बोललो. आज विषय अंगणात उतरवायचा आहे. विषय आहे सरपण. थंडीच्या देशात लाकडाच्या चुलीवर घर उबदार ठेवायचं, तर त्यासाठी आधी सहा महिने, वर्षभर लाकूड तोडावं, फोडावं, रचावं, वाळवावं लागतं. या कामाबद्दल गेल्या काही दशकांत फार सुंदर लिहिलं गेलं आहे. त्या सुंदर लिखाणाची ही समीक्षा.

संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, सरपणाची समीक्षा कशी करणार?" आम्ही म्हटलं, दोन पुस्तकं आहेत, आणि तिसरी आमची जुनी वही. त्या वहीवरून आम्ही पुष्कळ वर्षं तंत्रज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं. दोन पुस्तकांपैकी एक त्या वहीत डोक्यावर घेतलेलं आहे. वहीत चूक आहे, हे आम्हाला निवृत्तीनंतर, सत्तरी उलटल्यावर, लाकडं रचताना कळलं. तेव्हा आज आक्षेप जितके त्या लेखकांवर आहेत तितकेच आमच्यावरही आहेत.

पहिलं पुस्तक नॉर्वेचं. लार्श मिटिंग या लेखकाचं, २०११ साली निघालेलं. नाव 'हेल वेद'. 'वेद' म्हणजे नॉर्वेजियन भाषेत जळाऊ लाकूड, आपल्या वेदांशी त्याचा संबंध लावायचा मोह कुणाला झाला तर त्यानं आवरावा. 'हेल वेद' म्हणजे अखंड, सलग लाकूड. आणि माणसाला ते विशेषण लावलं की अर्थ होतो सच्चा, भरवशाचा. तोडायच्या हत्यारांपासून ढीग रचायच्या तऱ्हांपर्यंत सगळं सांगणारं हे पुस्तक. ते तिकडे हातोहात खपलं, इंग्रजीत २०१५ साली आलं आणि तिथंही गाजलं. त्याच्या प्रेरणेनं नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीनं फेब्रुवारी २०१३ मध्ये एका रात्री बारा तास सरपण दाखवलं. त्यातले आठ तास तर नुसती शेकोटी जळताना. लोकांनी पाहिलं, आणि तक्रारीही केल्या. काहींचं म्हणणं, ढिगात लाकडाची साल वरच्या बाजूला ठेवलीत, चूक. काहींचं म्हणणं, खालच्या बाजूला ठेवलीत, चूक. आपल्याकडे मोदकाच्या कळ्या किती असाव्यात यावर होतं तसं.

मिटिंगच्या पुस्तकाची सुरुवात शेजारच्या एका आजारी म्हाताऱ्यापासून होते. त्यांची छाती अधू झालेली. हिवाळाभर ते दिसत नाहीत. वसंत येतो, ट्रॅक्टरनं लाकडं आणून टाकली जातात, आणि हे गृहस्थ बाहेर येऊन एकेक ढलपी उचलून रचायला लागतात. रोज थोडं थोडं. हळूहळू त्यांच्या अंगात जीव येतो. लेखक खिडकीतून पाहतोय. पान वाचताना आमच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोला. त्या पानावरचा आक्षेप पुढे येईल. आधी पुस्तकाचं श्रेय देऊ, आणि ते मोठं आहे. या पुस्तकाला लाकूड कळतं. तत्त्वज्ञांना बहुधा कळत नाही.

लाकूड कळणं म्हणजे काय? नुकतंच तोडलेलं लाकूड वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. चुलीत घालायचं तर ते प्रमाण २० टक्क्यांच्या आत यावं लागतं. म्हणून उत्तरेकडे झाड तोडायचं ते हिवाळ्याच्या शेवटी, पालवी फुटण्याआधी. त्यांचं नेहमीचं जळण म्हणजे बर्च, भूर्जाच्या जातीचं झाड. त्याची साल पाण्याला दाद देत नाही. छपरावर घालायला ती उत्तम, पण लाकूड वाळवायला वैरीण. ओंडका तसाच पडला तर आतलं पाणी बाहेर निघत नाही आणि लाकूड आतून कुजतं. म्हणून तो लगेच फोडायचा. पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांतून जातं, म्हणून तुकडे आखूड ठेवायचे, चुलीच्या मापाचे, साधारण हातभरापेक्षा कमी. जमिनीला टेकू द्यायचे नाहीत, खाली दोन आडवी दांडकी. वर छप्पर, बाजू मोकळ्या. आणि हे सगळं मे महिन्यापर्यंत उरकायचं, कारण वसंतातली कोरडी हवा हीच खरी वाळवणारी. ऑगस्टनंतर हवा दमट होत जाते. ज्यानं सप्टेंबरात लाकूड फोडलं त्यानं पुढच्या वर्षीची सोय केली, या वर्षीची नाही.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. ओलं लाकूड 'धप्' म्हणतं, वाळलेलं टणटणीत वाजतं. पाण्याचा काही भाग लाकडाच्या पोकळ्यांत मोकळा असतो, तो आधी जातो आणि लाकूड आकाराला तेवढंच राहतं. उरलेला भाग तंतूंत बांधलेला असतो. तो सुटायला लागला की लाकूड आकसतं, तोंडावर चिरा पडतात. आमच्यासारख्या माणसाला एवढ्यातच तासभर बोलता येईल.

आता एक हिशेब करू, कारण तो सहसा कुणी करत नाही. एक किलो ओलं लाकूड घ्या, निम्मं पाणी असलेलं. त्यात खरं लाकूड अर्धा किलो. त्यातून साधारण अडीच युनिट उष्णता मिळते. विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. उरलेल्या अर्धा किलो पाण्याची वाफ करायला त्यातली किती जाते? एक तृतीयांश युनिटपेक्षा थोडी जास्त. म्हणजे सातवा हिस्सा. मग एवढी ओरड कशाला? सातवा हिस्सा गेला तर गेला, चार लाकडं जास्त घालू! पण गोम इथंच आहे. पाणी उष्णता खातं ते थोडं. पाणी ज्वाळेला गार ठेवतं हे मोठं. लाकडातल्या उष्णतेचा मोठा भाग त्यातून निघणाऱ्या वायूंत असतो. ज्वाळ पुरेशी तापली नाही तर ते वायू न जळताच धुराड्यातून वर जातात. हाच धूर. वरच्या थंड भागात त्याचं डांबर होऊन आतून बसतं, आणि एखाद्या रात्री ते डांबरच पेट घेतं. म्हणून नॉर्वेत १९९८ पासून नव्यानं बसवायच्या चुली कमी धुराच्याच असाव्या लागतात, धूर पुन्हा जाळणाऱ्या. लाकूड वरून पेटवा असंही तिथं शिकवतात, म्हणजे खालून उठणारा धूर ज्वाळेतूनच जातो. आपण म्हणतो, सुक्याबरोबर ओलंही जळतं. चुलीत ती म्हण उलटी होते. ओल्याबरोबर सुकंही नासतं.

धुराचा विषय निघाला म्हणजे तर्कशास्त्राचा विद्यार्थी कान टवकारतो. आपल्या न्यायशास्त्राची सगळी शाळा धूर आणि अग्नी यांच्यावर उभी आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथं अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर कधी असतो? ओल्या इंधनाशी संबंध आला तर. आर्द्रेन्धनसंयोग. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यानं परीक्षेसाठी का होईना वाचला आहे, त्याला हा शब्द पाठ असतो. या लपलेल्या अटीला म्हणतात उपाधी. जिथं जिथं धूर तिथं तिथं ओलं इंधन असतंच. पण जिथं जिथं अग्नी तिथं तिथं ओलं इंधन असेलच असं नाही. तुम्ही दोन गोष्टी नेहमी जोडीनं पाहता आणि त्यांचा नियम बांधता. प्रत्यक्षात जोडी जमवणारी तिसरीच गोष्ट असते, आणि ती तुमच्या नजरेतून सुटलेली असते. आम्ही हे चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते लिहिणारे पूर्वज ओलं सरपण डोळ्यांत गेलेले लोक असणार, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही. हा शब्द जरा बाजूला काढून ठेवा, लवकरच लागणार आहे.

दुसरं पुस्तक तत्त्वज्ञानाचं. लेखक आल्बर्ट बोर्गमन. जन्म १९३७, जर्मनीतलं फ्रायबुर्ग. आयुष्य गेलं अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या विद्यापीठात शिकवण्यात. २०२३ साली वारले. १९८४ सालचं त्यांचं पुस्तक, 'टेक्नॉलॉजी अँड द कॅरॅक्टर ऑफ कंटेम्पररी लाइफ'. आमच्या वहीत डोक्यावर घेतलेलं ते हेच.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. घर उबदार करायच्या दोन रीती. एक, मध्यवर्ती हीटिंग: भिंतीवरचा आकडा फिरवा, ऊब हजर. ऊब कुठून आली, कुणी आणली, पत्ता नाही. दुसरी, लाकडाची चूल. तिच्यातून नुसती ऊब मिळत नाही. लाकूड आणायचं, फोडायचं, विस्तव घालायचा, तो राखायचा, यातून ऋतू कळतात, हात तरबेज होतात, घरातल्या प्रत्येकाला काम मिळतं, आणि घराला एक मध्य मिळतो. लॅटिन भाषेत चुलीला 'फोकस' म्हणतात, हे ते आवर्जून सांगतात. पहिल्या प्रकाराला ते 'उपकरण' म्हणतात, दुसऱ्याला 'वस्तू', आणि वस्तूभोवतीच्या नेमाला केंद्रवर्ती आचार. उपकरणं वाढत गेली तसा घराचा मध्य हरवला, हे त्यांचं निदान.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत घर म्हणजेच चूल. भाऊ वेगळे झाले तर आपण 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो. पक्षातला गट फुटला तरी तो 'वेगळी चूल मांडतो'. वर्गात आम्ही हे सांगितलं की मुलं खूश. बोर्गमन मराठीच वाटायचे. पण याच भाषेत 'चूल आणि मूल' हाही एक प्रयोग आहे, आणि त्यात चूल घराचा मध्य नसून बायकांच्या पायातली बेडी आहे. तो प्रयोग आम्ही त्या तासाला कधी उच्चारला नाही. पहिल्या बाकावर बसलेल्या मुलींनीही नाही. त्यांना सुचला नसेल असं आता वाटत नाही. बोलायची सोय आम्ही ठेवली नसेल.

बोर्गमन यांच्या चुलीभोवती घरातली कामं वाटलेली आहेत. वडील लाकूड फोडतात, आई विस्तव घालते, मुलं चुलीत लाकडं पडत राहतील असं पाहतात. चित्र गोड आहे. आता त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ साली, आलेलं एक इतिहासाचं पुस्तक शेजारी ठेवा. रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर'. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. अमेरिकन घरांत उघड्या शेकोटीच्या जागी लोखंडी चूल आली, तेव्हा कुणाचं काम कमी झालं? चुलीला सरपण कमी लागतं, म्हणून तोडण्याफोडण्याचं काम कमी झालं, आणि ते पुरुषांचं होतं. बाईचं काम? पूर्वी एका भांड्यात एक रटरटणारं कालवण असायचं. चुलीवर एकाच वेळी तीन-चार पदार्थ करता येऊ लागले, म्हणून ते करावे लागले. शिवाय लोखंड गंजू नये म्हणून चुलीला काळं पॉलिश करत बसणं आलं. म्हणजे बोर्गमन यांची जी 'वस्तू', ती आपल्या काळात उपकरणच होती, आणि तिच्यामुळे वाचलेला वेळ घरातल्या एकाच बाजूला गेला. ही दोन्ही पुस्तकं आमच्या कपाटात शेजारी शेजारी होती. एक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात होतं, दुसरं नव्हतं.

बोर्गमन यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्यांनी कुठंही 'जुन्या काळात परत चला' असं म्हटलेलं नाही. उपकरणं असू द्यात, पण ती काठावर ठेवा आणि मधली जागा एखाद्या आचाराला द्या, मग ते एकत्र जेवण असो की धावणं, असं त्यांचं म्हणणं. शहाणपणाचं आहे. तरीही त्यांच्या चित्रात, मिटिंगच्या पुस्तकात, आणि त्यांच्या आधीच्या थोरोत, सरपणाच्या श्रमातून अर्थ आपोआप उगवतो. जिथं चूल तिथं अर्थ. ही व्याप्ती. आणि आमचा आक्षेप असा की तीत उपाधी आहे.

थोरोचं नाव घेतलं म्हणून दोन वाक्यं. 'वॉल्डन' पुस्तकात त्यांनी शेतातले बुंधे फोडून जाळल्याची हकिगत आहे. फोडताना एकदा ऊब, जाळताना पुन्हा, हा विनोद तिथूनच जगभर गेला. पण थोरो एकटे होते, दोन वर्षं आणि दोन महिने राहिले, आणि कंटाळा आल्यावर उठून गावात गेले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी लाकूड वाचावं म्हणून छोटी चूल आणली आणि शेकोटीची सोबत गेली म्हणून हळहळले. (तळ्याकाठी राहायला जाण्याच्या आदल्या वर्षी याच गृहस्थांच्या हातून मासे शिजवताना काँकॉर्डचं जंगल पेटलं होतं, शेकडो एकर. सरपणाच्या ऋषींची ही बाजू कुणी सांगत नाही.) हायडेगर यांच्या डोंगरातल्या लाकडी झोपडीबद्दलही असंच. १९२२ साली ती उभी राहिली. ती बांधून घ्यायची सगळी खटपट त्यांच्या पत्नीनं केली, आणि मुळांपाशी जाणारा विचार तिथं बसून यजमानांनी केला.

आता आमची हकिगत. आमची मुलगी नॉर्वेत असते, ओस्लोच्या उत्तरेला दोनेक तासांवर. निवृत्तीनंतर एका मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो ते चांगले पाच महिने राहिलो. जावयांनी लाकडं मागवली होती. आम्ही म्हटलं, रचायचं काम आमचं. बोर्गमन शिकवलेला माणूस, मिटिंग वाचलेला माणूस! तीन दिवस खपून ढीग रचला. दिसायला देखणा. मग आमच्यातला कोकणी जागा झाला. पाऊस येणार, झाकायला हवं. आम्ही निळी ताडपत्री आणली आणि ढीग चारही बाजूंनी, गळ्यापर्यंत, जमिनीपर्यंत बांधून टाकला. मृगाआधी आमच्या घरी हेच करायचे. सप्टेंबरात ताडपत्री काढली तर आत पांढरी बुरशी. लाकडं दुसऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखी 'धप्' वाजत होती. जावई सज्जन, काही बोलले नाहीत. त्या हिवाळ्यात त्यांनी पेट्रोल पंपावरून लाकडाच्या पिशव्या विकत आणल्या असं मुलीनं नंतर सांगितलं.

शेजारी एक बाई राहायच्या, आमच्याच वयाच्या, एकट्या. पूर्वी परिचारिका होत्या. त्यांचा ढीग रस्त्यावरून लोक थांबून पाहायचे. लाकूड फोडायला त्यांच्याकडे विजेवर चालणारं यंत्र, कुऱ्हाड नव्हेच. घर तापायचं ते हीट पंपावर. त्या देशात वीज मुबलक, जवळजवळ सगळी पाण्याची, आणि बहुतेक घरं विजेवरच तापतात. आम्ही आमच्या मोडक्या इंग्रजीत, बरंच तत्त्वज्ञान लावून, विचारलं की मग हे सगळं कशासाठी. त्या म्हणाल्या, "वीज गेली तर." आम्ही थोडं थांबलो, आणखी काही येईल म्हणून. आलं ते एवढंच की पाठ पुढे साथ देईनाशी झाली की त्याही पंपावरून पिशव्या आणतील. त्यात त्यांना कसलंही दुःख दिसलं नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं, सापडली उपाधी! सोडून देता येणं. ज्याला हे काम सोडता येतं त्यालाच ते गोड. थोरो सोडू शकत होते, मिटिंगचा तो म्हातारा सोडू शकत होता, या बाई सोडू शकतात. बाकीच्यांना नुसता घाम. परत आल्यावर एका चर्चासत्रात आम्ही हे मांडलंही. लोकांना पटलं. आम्हालाच नंतर पटेना, आणि त्याला कारण आमची आई.

आमचं घर रत्नागिरीकडचं. सात जूनच्या आत सरपण पडवीत आलं पाहिजे, हा कायदा. ऐन, किंजळ फोडून आणायचं, आंब्याचं आलं तर ते शेवटी वापरायचं. माडाच्या झावळ्या, पोयी, सोडणं, करवंट्या यांची वेगळी जागा. चार महिने पाऊस, त्या चार महिन्यांचं आणि सणावारांचं मोजून. लाकूड फोडायला गावातला एक माणूस येई, मजुरीवर. रचायची आई. आणि त्या ढिगाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वडिलांनीसुद्धा नाही. कुठलं लाकूड कुठे आहे, कुठलं गौरीच्या पुरणासाठी, कुठलं बाळंतिणीच्या पाण्यासाठी, हे तिला अंधारात ठाऊक. एकदा काकांनी सोय म्हणून तो हलवून दुसऱ्या भिंतीला लावला, तर ती दोन दिवस जेवली नाही. तिला ते काम सोडता येत होतं का? मुळीच नाही. आणि तरी त्या रचण्यात काही नव्हतं असं म्हणायची आमची हिंमत नाही. आता तुम्हीच सांगा, उपाधी 'सोडून देता येणं' असेल तर जिथं जिथं अर्थ तिथं तिथं ती हवी. इथं अर्थ आहे आणि ती नाही. म्हणजे आमची उपाधी नापास.

पुढे घरी गॅस आला. आईनं आठ दिवसांत स्वयंपाकाची चूल बंद केली. एकदाही 'चुलीवरच्या भाकरीची चव' म्हणाली नाही. ते आम्ही म्हणायचो, मुंबईहून गेलो की. धुरानं तिचे डोळे आणि छाती किती गेले होते हे आम्हाला त्या आठ दिवसांत कळलं, म्हणजे फार उशिरा. पण न्हाणीघरातलं चुलाण तिनं ठेवलं. त्याच्यासाठी पडवीत लाकडं येत राहिली, आणि ती रचत राहिली, अगदी शेवटची तीन-चार वर्षं सोडली तर. धूर सोडला, रचणं सोडलं नाही.

बोर्गमन यांना विचारलं तर ते म्हणतील, चूल एक आहे, एकसंध आहे, तिचे तुकडे करू नका. 'चूल आणि मूल' म्हणून चिडणारेही तेच म्हणतील, उलट्या बाजूनं. आईनं मात्र तुकडे केले. फुंकणी, धूर, दिवसातून तीनदा विस्तवापुढे बसणं, हे तिच्या मर्जीचं नव्हतं. वेळ दुसऱ्यांच्या भुकेची, हुकूम दुसऱ्यांचा. रचण्यावर तिची सत्ता होती. तिथं ती सांगेल तसं. ती सत्ता, आपल्या कामावर आपला शब्द चालणं, हे आम्ही आता उपाधीच्या जागी ठेवतो. शेजारच्या बाईंपाशी ती होती. मिटिंगच्या पहिल्या पानावरच्या म्हाताऱ्यापाशी होती, आणि आमचा तिथला आक्षेप एवढाच की लेखकानं त्याचं श्रेय लाकडाला दिलं. तेच लाकूड, तेच वजन, तीच हालचाल त्या अधू छातीच्या माणसाला कुणाच्या तरी अंगणात रोजावर करावी लागली असती तर ते पान लिहिलं गेलं नसतं.

आणि आता राहिला तो फोडणारा. आमच्या घरी यायचा तो माणूस. पाचर कुठे मारायची, गाठ कुठल्या बाजूनं सुटेल, हे त्याच्या हाताला जेवढं ठाऊक होतं तेवढं मिटिंगच्या सगळ्या पुस्तकात नाही. दिवसभर फोडायचा, पायरीखाली बसून चहा प्यायचा, त्याचा कप वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणी ठेवला होता, हे सांगायचं टाळून आम्ही आत्ताच आईचं एवढं गुणगान केलं. तिनंच ठेवला होता. त्या पडवीतल्या सत्तेत हाही भाग होता. त्या माणसाचा शब्द त्याच्या कामावर चालत होता, कुऱ्हाडीपुरता. फोडलेलं लाकूड कुणाच्या पाण्याखाली जळेल यावर नाही, आणि आपल्याच कपावरही नाही. बोर्गमन यांच्या चित्रात वडील लाकूड फोडतात, म्हणून हा माणूस तिथं येतच नाही. आमच्या वहीतही तो नाही. उपाधीचं आमचं वाक्य त्याला पुरं पडतं की नाही, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. कौशल्य होतं, तेवढ्यापुरता अधिकार होता, आणि तरीही घराच्या मध्यापासून तो पायरीइतका लांब होता. कदाचित एका उपाधीनं भागणारं नाही. तर्कशास्त्रात अशा वेळी व्याप्तीच टाकून द्यायला सांगतात.

आजही महाराष्ट्रात डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बायका दिसतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर पोचले, पण पुन्हा भरून आणणं जमत नाही म्हणून चूल पेटतीच असलेली घरं आहेत. त्यांच्यापुढे 'केंद्रवर्ती आचार' हा शब्द आम्ही उच्चारणार नाही. एवढी दुरुस्ती वहीत झाली आहे, पेन्सिलीनं नव्हे, शाईनं.

वेळ संपत आली. चिठ्ठ्या आल्या आहेत, एक घेतो. "सर, शेवटी साल वर ठेवायची की खाली?" वा. उघड्यावरचा ढीग असेल तर निदान वरच्या थराची साल आभाळाकडे ठेवा, पाणी ओघळून जाईल. डोक्यावर छप्पर असेल तर काही फरक पडत नाही, भांडायला विषय म्हणून हवा असेल तर भांडा. बाजू मात्र उघड्या ठेवा. आणि कुणाला निळी ताडपत्री हवी असली तर आमच्याकडे एक आहे, जावयांनी आग्रहानं परत दिलेली.